उभ्या आसाची पवनचक्की : खरेदीपूर्वी शक्तीचे गणित



विहिरीत पाणी आहे, पिकाला ते हवे आहे, पण वीज नेमकी रात्री येते. मोताळा तालुक्यातील ओलिताच्या शेतकऱ्यांना ही अडचण नवी नाही. त्यामुळे विजेचा दुसरा मार्ग कोणी दाखविला, की साहजिकच आपण कान टवकारतो. सौर पंप आता गावोगावी दिसू लागले आहेत. त्याच्या जोडीने उभ्या आसाच्या लहान पवनचक्क्यांची माहितीपत्रकेही शेतकऱ्यांच्या हाती पडतात. "वारा कोणत्याही दिशेने येवो, चक्की फिरणारच", "मंद वाऱ्यातही वीज", "एक किलोवॅट क्षमता", अशी वाक्ये त्यांत असतात. यातील पहिले वाक्य खरे आहे. उरलेली दोन मात्र कागद-पेन्सिल घेऊन तपासावी लागतात.

हे तपासण्याचे शास्त्र फार अवघड नाही. अभियंते संगणकावर जे प्रारूप मांडतात त्याचा गाभा गुणाकार-भागाकाराचाच आहे. तो समजला तर कोणत्याही चक्कीपासून आपल्या शेतात किती वीज मिळेल याचा अंदाज आपणास स्वतः बांधता येतो. त्यासाठी या लेखात एक नमुना चक्की घेऊन सर्व आकडेमोड करून दाखविली आहे.

उभा आस म्हणजे काय?

सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे पठारावर किंवा धुळे जिल्ह्यात ब्राह्मणवेल येथे ज्या मोठ्या पवनचक्क्या दिसतात त्यांचा आस आडवा असतो. पाती वाऱ्याकडे तोंड करून फिरतात आणि वाऱ्याची दिशा बदलली की चक्कीचे तोंड वळवावे लागते. उभ्या आसाच्या चक्कीत मधला खांब हाच आस असतो व पाती त्याच्याभोवती फिरतात. त्यामुळे तोंड वळविण्याची यंत्रणा लागत नाही आणि जनित्र खाली, हाताच्या अंतरावर बसविता येते. हे तिचे खरे फायदे आहेत. तिचे दोन मुख्य प्रकार आहेत.

१) सॅव्होनियस चक्की : फिनलंडचे सिगुर्ड सॅव्होनियस यांनी १९२० च्या दशकात ही तयार केली. ड्रम उभा चिरून त्याची दोन अर्धुके थोडी सरकवून बसवावीत, तसा तिचा आकार असतो. खोलगट बाजूवर वारा जास्त जोर देतो व फुगीर बाजूवर कमी, या फरकावर ती फिरते. ती मंद वाऱ्यात आपोआप सुरू होते, पण वाऱ्यातील शक्तीचा जेमतेम १५ ते २० टक्के भागच घेऊ शकते. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील एस. पी. गोविंद राजू व रोद्दम नरसिंह यांनी १९७९ मध्ये पाणी उपसण्यासाठी शिडाच्या कापडाची अशी स्वस्त चक्की मांडली होती. म्हणजे आपल्याकडे हा विचार शेतीच्या पाण्यासाठीच सुरू झाला, हे ध्यानात घ्यावे.

२) दारिए चक्की : फ्रान्सचे जॉर्ज दारिए यांना या रचनेचे अमेरिकेतील एकस्व १९३१ मध्ये मिळाले. हिची पाती विमानाच्या पंखासारखी निमुळती असतात. पंखाला जसे उचल बल मिळते तसे या पात्यांना मिळते व त्यावर ती वाऱ्याच्या वेगाच्या तीन-चार पट गतीने फिरतात. सरळ उभ्या पात्यांची चक्की हा याचाच एक प्रकार होय. सध्याच्या माहितीपत्रकांत बहुधा हीच असते, म्हणून पुढील गणित तिचेच केले आहे.

पहिली पायरी : वाऱ्यात शक्ती किती?

वाऱ्यातील शक्ती काढण्याचे सूत्र असे :

शक्ती (वॅट) = ०.५ × हवेची घनता × चक्कीचे क्षेत्रफळ × वाऱ्याचा वेग × वाऱ्याचा वेग × वाऱ्याचा वेग

समुद्रसपाटीला १५ अंश तापमानात हवेची घनता दर घनमीटरला १.२२५ किलो असते. आपल्याकडील उंची व उष्णता पाहता १.१ किलो धरणे योग्य होय. वेग मीटर प्रति सेकंद या मापात घ्यावा. ताशी किलोमीटरला ३.६ ने भागले की तो मिळतो. उभ्या पात्यांच्या चक्कीचे क्षेत्रफळ म्हणजे तिचा व्यास गुणिले पात्यांची उंची. आपल्या नमुना चक्कीचा व्यास २ मीटर व पात्यांची उंची २ मीटर धरू. म्हणजे क्षेत्रफळ ४ चौरस मीटर झाले.

सूत्रात वेग तीन वेळा गुणला जातो, हेच पवनशक्तीचे मर्म आहे. वेग दुप्पट झाला तर शक्ती आठपट होते. वेग निम्मा झाला तर शक्ती आठव्या हिश्शावर येते. खळ्यावर उफणणी करणाऱ्यास हे अनुभवाने ठाऊक असते. वारा थोडा पडला तरी भुसा हलत नाही आणि काम थांबते.

यातली सगळी शक्ती चक्कीला घेता येत नाही. सगळी काढून घेतली तर वारा चक्कीमागे थबकेल आणि नवीन वाऱ्याला वाटच मिळणार नाही. म्हणून काही वारा पुढे जाऊ द्यावाच लागतो. जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी १९२० मध्ये दाखवून दिले की, आदर्श चक्कीलासुद्धा जास्तीत जास्त १६/२७, म्हणजे ५९.३ टक्के शक्ती घेता येते. प्रत्यक्ष चक्की जेवढा हिस्सा घेते त्याला शक्ती गुणांक म्हणतात. मोठ्या आडव्या आसाच्या चक्क्यांचा तो ०.४५ च्या आसपास पोहोचतो. लहान, उभ्या पात्यांच्या चांगल्या चक्कीसाठी ०.२५ धरणे रास्त होय.

तक्ता क्र. १ : ४ चौरस मीटरची नमुना चक्की

वेग ३ मी./से. (ताशी १०.८ कि.मी.) : वाऱ्यातील शक्ती ५९ वॅट, बेट्झ मर्यादा ३५ वॅट, ०.२५ गुणांकाने १५ वॅट
वेग ४ मी./से. (ताशी १४.४ कि.मी.) : १४१, ८३, ३५ वॅट
वेग ५ मी./से. (ताशी १८ कि.मी.) : २७५, १६३, ६९ वॅट
वेग ६ मी./से. (ताशी २१.६ कि.मी.) : ४७५, २८२, ११९ वॅट
वेग ८ मी./से. (ताशी २८.८ कि.मी.) : १,१२६, ६६७, २८२ वॅट
वेग १२ मी./से. (ताशी ४३.२ कि.मी.) : ३,८०२, २,२५३, ९५० वॅट

शेवटची ओळ नीट पाहावी. "एक किलोवॅट क्षमता" हे या आकाराच्या चक्कीबाबत खोटे नाही, पण ते ताशी ४३ किलोमीटरच्या वाऱ्यातले आहे. वारा ४ मीटरचा असेल तर तीच चक्की ३५ वॅट देते, म्हणजे सत्ताविसावा हिस्सा. म्हणून माहितीपत्रकातील क्षमता कोणत्या वेगाला दिली आहे, हा पहिला प्रश्न विचारावा.

दुसरी पायरी : पात्याला वारा कसा लागतो?

०.२५ हा गुणांक कोठून आला, हे समजण्यासाठी फिरत्या पात्यावर बसल्याची कल्पना करावी. वारा अजिबात नसताना मोटारसायकलवरून जाताना चेहऱ्याला वारा लागतो. तो आपल्याच गतीचा असतो. बाजूने खरा वारा आला तर दोन्ही मिळून तिरपा वारा लागतो. पात्यालाही असाच मिश्र वारा लागतो. त्यास सापेक्ष वारा म्हणतात.

पात्याची गती वाऱ्याच्या वेगाच्या किती पट आहे, या आकड्यास गती गुणोत्तर म्हणतात. आपली चक्की ५ मीटरच्या वाऱ्यात ३ गुणोत्तराने फिरते असे धरू. म्हणजे पाते सेकंदाला १५ मीटर धावते. त्रिज्या १ मीटर असल्याने मिनिटाला सुमारे १४३ फेरे होतात.

आता चक्कीकडे वरून, घड्याळाच्या तबकडीसारखे पाहावे. वारा १२ कडून ६ कडे वाहतो आणि पाती घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतात. ९ च्या ठिकाणी पाते वाऱ्याला सामोरे धावते. वाऱ्याचा वेग पूर्ण ५ मीटर धरला तर त्याला २० मीटरचा वारा लागतो. ३ च्या ठिकाणी ते वाऱ्याबरोबर धावते व त्याला १० मीटरचा वारा लागतो. या दोन्ही ठिकाणी वारा समोरून सरळ येतो, त्यामुळे उचल बल मिळत नाही, उलट थोडा अडथळाच होतो. १२ व ६ च्या ठिकाणी मात्र वारा पात्याला आडवा येतो. तेथे सापेक्ष वारा तिरपा लागतो आणि उचल बल पात्याला पुढे ओढते. म्हणजे एका फेऱ्यात प्रत्येक पात्याला दोनदा जोर मिळतो व दोनदा नुसते वाहून न्यावे लागते.

सापेक्ष वारा पात्याशी जो कोन करतो त्यास आघात कोन म्हणतात. पतंग उडविताना कन्नी नीट बांधली नाही तर पतंग गोते खातो. पात्याचेही तसेच आहे. कोन फार लहान असेल तर उचल मिळत नाही. कोन साधारण १२ ते १५ अंशांच्या पलीकडे गेला तर हवा पात्याच्या पाठीवरून सुटते, उचल घटते व ओढ एकदम वाढते. वारा चक्कीजवळ मंदावत नाही असे धरल्यास, एका फेऱ्यातील सर्वांत मोठा आघात कोन असा येतो :

गती गुणोत्तर २ : ३० अंश
गती गुणोत्तर ३ : १९.५ अंश
गती गुणोत्तर ४ : १४.५ अंश
गती गुणोत्तर ५ : ११.५ अंश

यावरून दोन गोष्टी कळतात. एक, दारिए चक्की मंद गतीत कुचकामी असते. थांबलेल्या स्थितीतून ती स्वतः सुरू होईलच याची खात्री नसते. म्हणून काही उत्पादक आत लहान सॅव्होनियस बसवितात, तर काही जनित्राकडूनच सुरुवातीचा धक्का देतात. "मंद वाऱ्यातही वीज" या वाक्याची खरी परीक्षा येथे होते. दोन, गती फार वाढवूनही चालत नाही. पात्याची व त्याला धरणाऱ्या आडव्या दांड्यांची ओढ वाढत जाते व मिळालेली शक्ती त्यातच खर्च होते. म्हणून प्रत्येक चक्कीचे एक सोयीचे गती गुणोत्तर असते.

तिसरी पायरी : प्रवाहनलिकेचा जमा-खर्च

प्रत्यक्षात वारा चक्कीजवळ येताना मंदावतो. किती मंदावतो हे आधी माहीत नसते आणि तेच माहीत झाल्याशिवाय बल काढता येत नाही. ही गाठ सोडविण्याची रीत १९७० च्या दशकात बसली. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतील टेम्पलिन यांनी १९७४ मध्ये संपूर्ण चक्कीभोवती एकच प्रवाहनलिका धरली. पुढे स्ट्रिकलंड यांनी १९७५ मध्ये तिच्या अनेक समांतर नलिका केल्या. पारास्किवोयू यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस वाऱ्याकडील पुढचा अर्धा भाग व मागचा अर्धा भाग वेगळे धरले. ही दुहेरी रीत आजही प्राथमिक आराखड्यासाठी वापरतात.

रीत समजण्यासाठी १२ च्या ठिकाणची एक नलिका घेऊ. पाती ३, प्रत्येकाची रुंदी १५ सेंटिमीटर, वारा ५ मीटर.

१) अंदाज : वारा २० टक्के मंदावतो असे समजू. म्हणजे पात्याजवळ वारा ४ मीटर.

२) सापेक्ष वारा : पात्याची गती १५ व आडवा वारा ४. दोहोंच्या वर्गांची बेरीज २४१. तिचे वर्गमूळ १५.५ मीटर प्रति सेकंद. आघात कोन सुमारे १५ अंश.

३) पात्याचे गुणांक : हे बोगद्यातील चाचण्यांच्या तक्त्यांवरून घेतात. अमेरिकेच्या सँडिया प्रयोगशाळेने १९८१ मध्ये उभ्या आसाच्या चक्क्यांसाठी सात समरूप पात्यांचे असे तक्ते प्रसिद्ध केले. आपण उदाहरणादाखल उचल गुणांक ०.९० व ओढ गुणांक ०.०४ धरू.

४) फिरविणारा हिस्सा : ०.९० × ०.२५८ वजा ०.०४ × ०.९६६, म्हणजे ०.१९. वाऱ्याला अडविणारा हिस्सा : ०.९० × ०.९६६ अधिक ०.०४ × ०.२५८, म्हणजे ०.८८.

५) खर्चाची बाजू, म्हणजे पाती वाऱ्याला किती अडवितात : (३ × ०.१५) ÷ (२ × ३.१४ × १) × (२४१ ÷ २५) × ०.८८ = ०.६१.

६) जमेची बाजू, म्हणजे वारा २० टक्के मंदावण्यास किती अडथळा लागतो : ४ × ०.२० × (१ − ०.२०) = ०.६४.

दोन्ही बाजू जवळपास जुळल्या. थोडा फरक उरला, म्हणून १९ टक्के धरून पुन्हा करावे. मग जमेची बाजू ०.६२ येते व खर्चाची ०.६१ च राहते. येथे थांबण्यास हरकत नाही. संगणक हेच काम चक्कीच्या प्रत्येक नलिकेसाठी, प्रत्येक वेगासाठी करतो. जमा-खर्च जुळेपर्यंत खाते पुन्हा पुन्हा मांडावे, एवढाच त्याचा अर्थ.

७) बल : ०.५ × १.१ × २४१ × ०.१५ × ०.१९ = सुमारे ३.८ न्यूटन, पात्याच्या दर मीटर उंचीस. दोन मीटरचे मिळून साडेसात न्यूटनच्या वर.

आता समजा, झुळूक वाढली व पात्यावरची हवा सुटली. उचल गुणांक ०.७० वर उतरला व ओढ ०.२० झाली, तर फिरविणारा हिस्सा ०.१८ वजा ०.१९, म्हणजे शून्याखाली जातो. जे पाते क्षणापूर्वी चक्की ओढत होते तेच आता तिला अडवू लागते. पात्याची घडण, स्वच्छता व गती यांवर शक्ती किती अवलंबून असते, हे यावरून दिसते. लहान पात्यांवर, मंद वाऱ्यात, हवा लवकर सुटते. म्हणून मोठ्या चक्कीचा गुणांक लहान चक्कीला लावू नये.

मागच्या अर्ध्या भागाचे काय? पुढच्या पात्यांनी वारा एकूण १९ च्या दुप्पट, म्हणजे ३८ टक्के मंदावलेला असतो. मागे ३.१ मीटरचा वारा पोहोचतो. वेगाचा घन पाहता, तेथे दर चौरस मीटरला मूळ शक्तीच्या पाव हिश्शापेक्षाही कमी उरते. पुढच्या शेतकऱ्याने पाटाचे पाणी घेतल्यावर शेवटच्या शेतकऱ्याची जी अवस्था होते, तीच मागच्या पात्यांची होते.

सर्व नलिकांची व पूर्ण फेऱ्याची सरासरी काढली, की शक्ती गुणांक मिळतो. ५ मीटरच्या वाऱ्यात ०.२५ गुणांकाने ६९ वॅट मिळतात, म्हणजे तिन्ही पात्यांचा मिळून सरासरी पीळ ४.६ न्यूटन-मीटर व एका पात्याचा १.५. उलट १२ च्या ठिकाणी एकट्या पात्याचा पीळ साडेसातच्या वर होता. हा पीळ प्रत्येक फेऱ्यात असा चढतो आणि उतरतो. मिनिटाला १४३ फेरे धरल्यास दिवसाला दोन लाखांहून अधिक वेळा पाते, दांडी व त्यांचे बोल्ट वाकतात व सरळ होतात. तार वारंवार वाकविली की ती तुटते, तसे हे जोड थकतात. कॅनडातील क्यूबेक प्रांतात काप-शा येथे उभारलेली एओल ही जगातील सर्वांत मोठी उभ्या आसाची चक्की ११० मीटर उंच होती. ती १९८७ मध्ये सुरू झाली आणि तळाचे बेअरिंग निकामी झाल्याने १९९३ मध्ये थांबली. म्हणून खरेदी करताना शक्तीइतकीच चौकशी जोडांची व बेअरिंगची करावी.

प्रारूपाच्या मर्यादा

प्रवाहनलिकेचे गणित आडव्या दांड्यांची ओढ, पात्याच्या टोकांवरील गळती व झुळुकीतील चढ-उतार आपोआप धरत नाही. ते वेगळे मिळवावे लागतात. पात्यांची दाटी जास्त असेल किंवा गती फार असेल तर जमा-खर्च जुळतच नाही. त्या वेळी भोवऱ्यांचे प्रारूप किंवा संगणकीय द्रवगतिकी वापरतात. म्हणून केवळ संगणकी आकड्यावर विसंबू नये. उघड्या मैदानावर, खऱ्या वाऱ्यात घेतलेल्या चाचणीचा तक्ता मागावा.

चौथी पायरी : आपल्या शेतातील वारा

घाटाखालच्या आपल्या भागात वारा जोरात असतो तो मुख्यतः जून ते ऑगस्टमध्ये, पश्चिम व नैऋत्य बाजूने. ऑक्टोबरपासून तो मंदावतो. ओलिताची गरज याच्या नेमकी उलट असते. पावसाळ्यात पिकाला पाणी द्यावे लागतेच असे नाही आणि हरभरा-गव्हाला पाणी हवे तेव्हा वारा पडलेला असतो. पवनचक्कीवर ओलित बेतताना ही सर्वांत मोठी अडचण आहे.

दुसरे, बुलढाण्याकडून राजूर घाट उतरून आपण मोताळ्याकडे येतो. नैऋत्येचा वाराही घाटमाथ्यावरून असाच खाली उतरतो. माथ्यावर वाऱ्याचा वेग वाढतो, तर पायथ्याशी तो मंद व भोवऱ्यांचा होऊ शकतो. त्यामुळे माथ्यावरच्या गावाचा अनुभव पायथ्याच्या शेताला लावू नये. नळगंगा धरणाच्या मोकळ्या पाण्यालगतचे शेत व झाडीत दडलेले शेत यांतही फरक पडतो.

कृषी हवामान वेधशाळेतील वाऱ्याची नोंद जमिनीपासून सुमारे ३ मीटरवर घेतलेली असते. उंचीबरोबर वेग वाढतो. पिकांच्या उघड्या रानात उंची चौपट झाली तर वेग साधारण १.३ पट होतो. नोंद ताशी ९ किलोमीटरची, म्हणजे अडीच मीटरची असेल, तर १२ मीटर उंचीवर सव्वातीन ते साडेतीन मीटर धरावा. मनोरा १०० मीटर परिसरातील सर्वांत उंच झाडापेक्षा वा इमारतीपेक्षा किमान ९ ते १० मीटर उंच असावा. घराच्या गच्चीवर चक्की बसविणे टाळावे.

सरासरी वेग काढून तो सूत्रात घालणे ही मात्र चूक होय. अर्धा वेळ २ व अर्धा वेळ ८ मीटर वारा असेल तर सरासरी ५ येते व तिचा घन १२५ होतो. पण खऱ्या घनांची सरासरी २६० आहे. म्हणून प्रत्येक वेगाचे तास वेगळे मांडावेत. समजा, एका महिन्यातील ७२० तासांची नोंद अशी आहे :

३ मीटरखाली ३०० तास : वीज नाही
३ मीटर, १८० तास × १५ वॅट = २,७०० वॅट-तास
४ मीटर, १२० तास × ३५ वॅट = ४,२०० वॅट-तास
५ मीटर, ७० तास × ६९ वॅट = ४,८३० वॅट-तास
६ मीटर, ३५ तास × ११९ वॅट = ४,१६५ वॅट-तास
८ मीटर, १५ तास × २८२ वॅट = ४,२३० वॅट-तास

एकूण सुमारे २० युनिट. जनित्र व बॅटरीतील घट ३० टक्के धरल्यास हाती १४ युनिट. ८ मीटरच्या केवळ १५ तासांनी ४ मीटरच्या १२० तासांइतकी वीज दिली, हे पाहावे. हे आकडे नमुन्याचे आहेत. आपल्या शेतातील तास आपण स्वतः मोजून भरावेत.

पाचवी पायरी : पाणी किती निघेल?

५ मीटरच्या वाऱ्यात ६९ वॅट, घट जाता ४८ वॅट. लहान पंपाची एकूण कार्यक्षमता ४० टक्के धरल्यास पाण्याला १९ वॅट मिळतात. २० मीटर खोलीवरून सेकंदाला एक लिटर पाणी उचलण्यास १९६ वॅट लागतात. म्हणजे तासाला सुमारे ३५० लिटर. दिवसभरात दहा तास असा वारा लाभला तर साडेतीन हजार लिटर. एक एकरावर एक मिलिमीटर पाणी देण्यास सुमारे ४,००० लिटर लागतात, हे लक्षात घेता एका एकराचे ओलितही या चक्कीवर होत नाही. आपली नेहमीची ३ अश्वशक्तीची मोटार २,२४० वॅटची असते.

तेव्हा या चक्कीवर पंप बसविण्याचा विचार सोडावा. गुरांच्या पिण्याचे पाणी, गोठ्यातील एलईडी दिवे, मोबाईल चार्जिंग, रोही व रानडुकरांसाठीचे प्रमाणित झटका यंत्र यांना लागणारी वीज थोडी असते, ती भागू शकते. (कुंपणाच्या तारेत घरची वीज थेट सोडणे जीवघेणे व बेकायदेशीर आहे. तसे कदापि करू नये.) रिकाम्या ड्रमची सॅव्होनियस गावातही बनविता येते. परंतु एका ड्रमच्या, सुमारे ०.८५ चौरस मीटर चक्कीपासून ५ मीटरच्या वाऱ्यात ९ वॅटच मिळतील, हे गृहीत धरूनच ती करावी.

तुलना सौर पॅनेलशी करावी. एक किलोवॅटचे पॅनेल निरभ्र हवामानात दिवसाला सुमारे ४ युनिट देते. वरील चक्कीची महिन्याची वीज ते साडेतीन-चार दिवसांत देते. त्यात फिरणारा भाग नाही आणि हिवाळी ओलिताच्या दिवसांत ऊनही असते. केंद्राची पीएम-कुसुम योजना २०१९ मध्ये व राज्याची 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना २०२४ मध्ये सुरू झाली. राज्याच्या योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्यास १० टक्के व अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यास ५ टक्के हिस्सा भरावा लागतो. अर्ज करण्यापूर्वी चालू निकषांची खात्री महावितरणच्या कार्यालयात करून घ्यावी. पावसाळ्यात ढग असताना वारा असतो, म्हणून सौर पॅनेलला जोड म्हणून लहान चक्की ठेवता येईल. मात्र तिच्यासाठी कर्ज काढू नये.

खरेदीपूर्वी विचारावयाचे प्रश्न

१) चक्कीचा व्यास व पात्यांची उंची किती? त्यावरून क्षेत्रफळ स्वतः काढावे.
२) दिलेली क्षमता कोणत्या वेगाला आहे? ३, ४, ५ व ६ मीटरला किती वॅट?
३) सांगितलेले वॅट बेट्झ मर्यादेपेक्षा जास्त आहेत काय? असल्यास व्यवहार तेथेच थांबवावा. मर्यादेच्या निम्म्याहून जास्त असल्यास चाचणीचा लेखी पुरावा मागावा.
४) चक्की कोणत्या वेगाला, कशाच्या साहाय्याने सुरू होते?
५) वादळात ती थांबविण्याचा ब्रेक आहे काय? तो हाताने चालतो की आपोआप?
६) बेअरिंग, पाती व जोडांची हमी किती वर्षांची? सुटे भाग कोठे मिळतात?
७) आपल्या जवळपास, आपल्यासारख्याच वाऱ्यात दोन वर्षे चाललेली चक्की दाखवितात काय?

आपल्या शेतात मनोऱ्याच्या उंचीवर कपांचे वातवेगमापक बसवून किमान एक वर्ष नोंद घ्यावी. चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून एकच यंत्र घेतले तरी चालते. नोंदीतील तास वरील तक्त्यात भरावेत, युनिट काढावेत आणि चक्कीच्या किमतीला दहा वर्षांच्या युनिटांनी भागावे. येणारा भाव विजेच्या बिलावरील दराशी ताडून पाहावा व मगच निर्णय घ्यावा.